मिलिटरीआबांची बढती

आमच्या आजोबांच्या गंधमुक्तीच्या, म्हणजे उत्तरकार्याच्या, दिवशी मांडवाच्या तोंडाशी जो फ्लेक्स लावला होता, त्यावर त्यांच्या नावामागे 'सुभेदार' असे छापलेले होते. आजोबा सुभेदार नव्हते. दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ट्रक चालवणारे ते साधे शिपाई होते. १९४२ मध्ये भरती झाले, १९४६ मध्ये घरी परतले, आणि त्यांच्या डिस्चार्ज बुकात हुद्द्याच्या रकान्यात काय लिहिले आहे ते वाचायला भिंग लागत नाही. साक्री तालुक्यातल्या, पांझरेच्या काठच्या आमच्या गावात लहानथोर सगळे त्यांना मिलिटरीआबा म्हणत. शंभरीला दोन वर्षे उरली असताना ते गेले, आणि दारावर बसायला येणाऱ्यांनी आठ दिवस ओटा रिकामा होऊ दिला नाही. पुढे महिनाभराने ग्रामसभेत त्यांच्या नावाची कमान वेशीवर उभारण्याचा ठराव आला, तेव्हा मागच्या रांगेतला एक तरुण उठला आणि त्याने विचारले, की ज्याने इंग्रजांचा पगार घेऊन इंग्रजांची लढाई लढली, त्याच्या नावाची कमान स्वतंत्र भारतातल्या गावाने कशासाठी उभारायची? ठराव तहकूब झाला. वाद मात्र मोबाइलवर गेला आणि तिथे तो अजून चालू आहे. एका बाजूचा शब्द 'भाडोत्री', दुसऱ्या बाजूचा शब्द 'देशद्रोही'.

मी आबांचा थोरला नातू. माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे वाचताना कोणाला अंदाज बांधत बसायला नको. कमान उभारू नये असे मला वाटते. पण ज्या कारणासाठी ती नको असे म्हटले जात आहे ते कारण टिकणारे नाही, आणि ज्या कारणासाठी ती हवी असे म्हटले जात आहे ते तर त्याहूनही पोकळ आहे. दोन्ही बाजू चार वर्षांवरून हमरीतुमरीवर आल्या आहेत. माणूस अठ्ठ्याण्णव वर्षे जगला.

आक्षेप घेणाऱ्या तरुणाला गावाने जे उत्तर दिले, ते उत्तर नव्हते, ती दमदाटी होती. वास्तविक त्याचा प्रश्न त्याने मांडला त्यापेक्षाही अधिक धारदारपणे मांडता येतो. आबा ज्या वर्षी भरती झाले त्याच वर्षी, ९ सप्टेंबर १९४२ रोजी, नंदुरबारमध्ये तिरंगा घेऊन निघालेल्या मुलांवर गोळीबार झाला आणि शिरीषकुमार मेहता व त्याचे चार सोबती पडले. शिरीषकुमार तेव्हा पंधरा वर्षांचा होता, आबांपेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान. नंदुरबार आमच्यापासून काही सातासमुद्रापलीकडे नाही. त्याआधी १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले होते, खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन, आणि त्याची वर्णने खानदेशातल्या गावागावांत वर्षानुवर्षे सांगितली जात होती. तेव्हा स्वराज्याची चळवळ म्हणजे काय हे आमच्या खेड्यापर्यंत पोहोचलेच नव्हते, अशी पळवाट मला आजोबांसाठी काढता येत नाही. शिवाय आबांची नोकरी ब्रह्मदेशाच्या आघाडीवर, दिमापूर ते कोहिमा या ४६ मैलांच्या घाटरस्त्यावर झाली, आणि त्या आघाडीवर समोर जपान्यांबरोबर आझाद हिंद फौजही होती. म्हणजे आबांच्या ट्रकमधला दारूगोळा हिंदी माणसांवरही चालला असणार. हे लिहिताना मला बरे वाटत नाही, पण ते खोडून टाकण्याजोगे काही माझ्याजवळ नाही.

एकच तारीख घेऊन पाहा. १४ एप्रिल १९४४. त्या दिवशी मणिपुरात मोइरांग येथे आझाद हिंद फौजेने तिरंगा फडकवला. त्याच दिवशी आमच्या धुळे जिल्ह्यात, चिमठाण्याजवळ, साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या क्रांतिकारकांनी साडेपाच लाखांच्या आसपासचा सरकारी खजिना लुटला. त्याच दिवशी दुपारी मुंबईच्या गोदीत दारूगोळ्याने भरलेले जहाज उडाले आणि शेकडो माणसे गेली. आणि त्याच आठवड्यात जपान्यांनी कोहिमा वेढलेले असताना आमचे आबा दिमापूरच्या बाजूला पिठाची पोती आणि गोळ्यांच्या पेट्या चढवून हुकमाची वाट पाहत होते. या चार जागांपैकी इतिहासाची जागा कोणती? आज आपण पहिल्या दोन जागांना वंदन करतो, तिसरीला शोक करतो, आणि चौथीपाशी येऊन अडखळतो. अडखळणे मला मान्य आहे. पण ते अडखळणे निकालात बदलण्याची घाई का?

'भाडोत्री' हा निकाल टिकत नाही याचे पहिले कारण असे, की तो ज्या फौजेच्या नावाने दिला जातो, तिलाही तो लागू पडेल. आझाद हिंद फौजेतले हजारो सैनिक आधी ब्रिटिश हिंदी सैन्यातच भरती झाले होते, त्याच पगारावर आणि त्याच शपथेवर. सिंगापूर पडले आणि ते युद्धकैदी झाले, तेव्हा त्यांच्यापुढे निवड आली. दिमापूरच्या रस्त्यावरच्या ड्रायव्हरपुढे ती आलीच नाही. पुढे १९४५ च्या नोव्हेंबरात लाल किल्ल्यात या फौजेच्या अधिकाऱ्यांवर खटला उभा राहिला आणि १९४६ च्या फेब्रुवारीत मुंबईला नौसैनिकांनी बंड केले, तेव्हा इंग्रजांना धडकी भरली ती कशाची? आपण ज्याला पगार देतो तो शिपाई आता आपला उरलेला नाही, याची. त्या पंचवीस लाख पगारी शिपायांची मने वजा केली तर स्वातंत्र्याच्या शेवटच्या दोन वर्षांचा हिशेब जुळत नाही.

दुसरे असे, की १९४२ मधला शहाणपणा आपण आज जितका सरळ समजतो तितका तो तेव्हा मोठमोठ्यांनाही सरळ दिसत नव्हता. पहिल्या महायुद्धात १९१८ साली गांधीजी स्वतः खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी गावोगाव हिंडले होते, आणि टिळकांनीही अटी घालून का होईना भरतीला पाठिंबा दिला होता. दुसऱ्या महायुद्धात सावरकर हिंदू तरुणांना सैन्यात जा म्हणून सांगत होते, डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. कम्युनिस्टांनी युद्धाला लोकयुद्ध म्हटले होते. आणि काँग्रेस तुरुंगात होती. ज्या प्रश्नावर देशातली सर्वांत तेज डोकी चार दिशांना गेली, त्या प्रश्नाचे एकमेव बरोबर उत्तर कोरडवाहू सात बिघ्यांच्या पोटी जन्मलेल्या अठरा वर्षांच्या मुलाने तडकाफडकी द्यायला हवे होते, हा आग्रह न्यायाचा नव्हे. मी शाळेत असताना एकदा फुशारकीने विचारले होते, आबा, लढाईला का गेलात? ते चिलीम भरत होते. "लढाई कसानी रे, पोटनी नोकरी व्हती," एवढेच म्हणाले. त्यांच्या मनीऑर्डरीवर दोन बहिणींची लग्ने झाली, हे मला पुढे आजीकडून कळले.

आमच्या खानदेशाला तर हा गुंता नवा नाही. १८२५ साली औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्लांचीच पलटण धरणगावी उभी केली, आणि भिल्लांचा बंदोबस्त भिल्लांकडून करून घेतला. त्या पलटणीत गेलेल्यांना कोणी काय म्हणावे? सेंधव्याच्या घाटात इंग्रजांच्या चाकरीत वाटेची राखण करणारा खाज्या नाईक १८५७ मध्ये उलटला, १८५८ च्या एप्रिलात अंबापाणीच्या लढाईत त्याच्या लोकांनी इंग्रजांशी झुंज दिली, आणि आज आपण त्याला क्रांतिवीर म्हणतो ते यथार्थच आहे. त्याची आधीची चाकरी आपण त्याच्या अंगावर फेकत नाही. कारण त्याचे सबंध आयुष्य आपण पाहतो. आता यावर कोणी म्हणेल, खाज्या उलटला, तुमचे आबा कुठे उलटले? बरोबर आहे, नाही उलटले. मी आबांना क्रांतिवीर म्हणतच नाही. सबंध आयुष्य पाहण्याची जी सवलत खाज्याला दिली, ती साध्या माणसालाही द्या, एवढेच मागतो.

खरे तर आक्षेप घेणाऱ्यांनी सर्वांत अवघड प्रश्न विचारलेलाच नाही. १९४३ साली, आबांची गाडी बंगालमधून पुढे जात होती तेव्हा, त्या प्रांतात माणसे उपासमारीने मरत होती. एकूण मृत्यूंचा आकडा वीस ते तीस लाखांच्या घरात सांगितला जातो. आबांनी युद्धाबद्दल आम्हा मुलांना गोळीची गोष्ट कधी सांगितली नाही, पण ही एक सांगितली, तीही एकदाच: कुठल्याशा स्टेशनावर गाडी थांबली, खाली फलाटावर नुसते हात दिसत होते, आणि साहेबाने खिडक्या लावून घ्यायला सांगितले. त्यांनी लावल्या. गाडीत रसद होती. आपल्या ताब्यातले पीठ लष्कराचे आहे आणि बाहेरचा हात आपल्या माणसाचा आहे, हे ज्याला कळले आणि तरीही ज्याने खिडकी लावली, त्याचे काय करायचे? माझ्याकडे याचे उत्तर नाही, आणि त्यांच्याकडेही नव्हते असे मला वाटते. फक्त एवढे सांगतो, की आमच्या घरात ताटात घास टाकलेला त्यांना खपत नसे. पाहुण्याने टाकला तर तो उचलून ते स्वतः खात, आणि पाहुणा शरमेने लाल होई. 'भाडोत्री' या शब्दात ही खिडकी मावत नाही. 'वीर' या शब्दातही नाही.

आता कमानवाल्यांकडे वळतो. त्यांचे म्हणणे असे: सैनिक तो सैनिक, त्याला सरकार कोणाचे होते हे विचारू नये; एकदा ही चिरफाड सुरू झाली की उद्या कोणाचाच मान राहणार नाही. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ज्या गावातली पोरे आजही सीमेवर आहेत त्या गावात ते हसण्यावारी नेता येत नाही. दुसऱ्या महायुद्धात सुमारे ८७ हजार हिंदी सैनिक मेले. कोहिमाच्या युद्धस्मशानात १,४२० थडगी आहेत आणि दहन झालेल्या ९१७ हिंदू व शीख सैनिकांचे स्मारक वेगळे आहे. त्यांची नावे परक्यांनी दगडावर जपली आणि आपण विसरलो, ही लाज खरीच आहे. पण मग मला सांगा, इतका मान आहे तर शिपायाचा सुभेदार का केला? ज्यांना शिपाई हा हुद्दा अपुरा वाटला, त्यांनी आबांचा मान केला की शिपाईपणाचा अपमान केला? फ्लेक्स छापणाऱ्या माझ्या चुलतभावाला मी हे विचारले, तर तो म्हणाला, "दादा, 'शिपाई' लिहिले असते तर लोकांना ऑफिसातला वाटला असता." मला हसू आले, आणि मग हसू गेले, कारण तो खोटे बोलत नव्हता.

स्मारकांचा आमचा जुना रिवाज पाहिला तर या बढतीचे मूळ सापडते. महाराष्ट्रभर गावकुसाशी वीरगळ उभे असतात: खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला वर नेत आहेत, वर तो शिवलिंगाची पूजा करीत आहे. बहुतेकांवर नाव नाही. त्यातली माणसे मेली म्हणून दगड झाली. जी लढून घरी आली, म्हातारी झाली, नातवंडांना खांद्यावर घेऊन जत्रेला गेली, त्यांना वीरगळ मिळत नाही. पुढे इंग्रजांनी पहिल्या महायुद्धानंतर अनेक गावांत संगमरवरी शिळा बसवल्या: या गावातून इतके पुरुष युद्धावर गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. नाव नाही, आकडा तेवढा. आणि आता आम्ही कमान उभारणार, तिच्यावर नाव असेल आणि नावापलीकडे काहीच नसेल, हुद्दाही खोटा. जिवंत परतलेल्या माणसाचे काय करायचे हे आमच्या परंपरेला ठाऊकच नाही, म्हणून आम्ही त्याला ओढूनताणून मेलेल्या वीराच्या साच्यात बसवतो. साच्यात न बसणारे, म्हणजे बाकीची चौऱ्याण्णव वर्षे, कापून टाकतो.

त्या वर्षांत काय होते? पांझरेच्या खोऱ्यात फड पद्धत चालते, हे खानदेशाबाहेरच्या वाचकासाठी थोडे सांगावे लागेल. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, दरसाल पीक फिरवायचे, आणि प्रत्येक शेतकऱ्याचा तुकडा शक्यतो प्रत्येक फडात असायचा. पाणी कमी पडले तर पंच बसून ठरवतात की यंदा अमुक फड भिजेल, अमुक कोरडा राहील; तोटा सगळ्यांना सारखा वाटला जातो. ही व्यवस्था तीन-चारशे वर्षांची आहे आणि ती सरकारने घालून दिलेली नाही. तिच्यात पाणी देणारा पाटकरी असतो, राखणीला जागल्या असतो, आणि देखरेखीला हवालदार असतो. आबा लष्करात हवालदार कधीच झाले नाहीत. फडाचे हवालदार मात्र ते एकोणीस वर्षे होते. रात्री-बेरात्री कंदील घेऊन पाटावर जाणे, चोरून फोडलेला पाट बुजवणे, दोन भावांच्या भांडणात चिखलात उभे राहणे, दंड बसवणे आणि तो वसूल करणे, याला शौर्य म्हणत नाहीत. पण गावातल्या सगळ्यांच्या पोटाशी ज्याचा संबंध आला ते काम हे आहे, कोहिमा नव्हे.

आणि कोहिमा तिथेही होताच. घाटात ट्रक उभा केला की चाकामागे दगड लावायचा, ही त्यांना लागलेली सवय सपाट रानातही सुटली नाही. बैलगाडी उभी केली तरी चाकामागे दगड. शेवटच्या वर्षी चाकाच्या खुर्चीत बसवून ओट्यावर आणले, तर काठीने आपलीच चप्पल ओढून त्यांनी चाकामागे सरकवली. युद्ध माणसात कसे उरते याचा अभ्यास करायचा तर त्या चपलेपासून करावा लागेल. पदकाचे विचाराल, तर पितळी दिसणारी ती बर्मा स्टारची चांदणी आजीने दर दिवाळीला देवाच्या भांड्यांबरोबर चिंचेने इतकी घासली, की तिच्यावरचा राजाचा मुकुट आता बोटालाही लागत नाही. साम्राज्याची इतकी शांतपणे केलेली विल्हेवाट मी दुसरी पाहिलेली नाही.

कमानीऐवजी काय, असा प्रश्न मला विचारला गेला आहे, आणि तो रास्त आहे. माझे उत्तर ऐकून लोक निराश होतात: लिहून ठेवा. गावातल्या शाळेत किंवा ग्रामपंचायतीत एक जाड वही ठेवा, आणि गावातून फौजेत गेलेल्या, मग ती फौज कोणाचीही असो, प्रत्येक माणसाची हकीकत तिच्यात नमूद करा. कधी गेला, काय काम केले, परत आल्यावर कसा जगला, आणि त्याच्यावर कोणाचा काय आक्षेप आहे तोही. यावर प्रतिवाद असा येतो की वही कोण वाचणार, कमान निदान येता-जाता दिसते. दिसते हे कबूल. पण आमच्या तालुक्यातल्या कमानींवरच्या नावांपैकी किती माणसांबद्दल त्यांच्याखालून रोज जाणाऱ्यांना दोन वाक्ये सांगता येतील? ज्या धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या शेवटच्या दिवशी वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले, ते धुळे आमच्यापासून बसने फार दूर नाही. राजवाड्यांनी आयुष्यभर केले काय? वाड्यांतले, माळ्यांवरचे, उधईच्या तोंडातले कागद गोळा करून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे बावीस खंड छापले. त्यात मोठ्या लढायांइतकेच मामुली हिशेब, तंटे आणि देण्याघेण्याचे कागद आहेत. आणि ज्या बहिणाबाई चौधरींचा अवघ्या महाराष्ट्राला अभिमान आहे, त्यांना लिहिता येत नव्हते. त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि सोपानदेवांच्या मावसभावाने ऐकता ऐकता टिपून ठेवले म्हणून १९५१ मध्ये त्या गेल्यावर त्यांचे शब्द मागे उरले. टिपणारे कोणी नसते, तर आसोद्याला आपण त्यांची कमान उभारली असती का? कोणाची म्हणून?

आबांच्या ट्रंकेत डिस्चार्ज बुकाखाली फडाची एक वही निघाली. १९७२ च्या दुष्काळाच्या पानावर दंडाची यादी आहे: तारीख, नाव, गुन्हा, रक्कम, त्यांच्या अक्षरात, बोरू दाबून लिहिल्यासारखे. चौथ्या ओळीवर माझ्या वडिलांचे नाव आहे. रात्री पाट फोडून आपल्या शेतात पाणी घेतले, दंड पाच रुपये, वसूल. वडील तेव्हा चोवीस वर्षांचे होते, आणि त्यानंतर आठ महिने बापलेक एकमेकांशी बोलत नव्हते, ही गोष्ट मला आत्ता, या वहीमुळे कळली. ग्रामपंचायतीसाठी मी त्या पानांची नक्कल करायला घेतली, तेव्हा चौथ्या ओळीपाशी थांबून वडिलांकडे पाहिले. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, ओळीवर बोट ठेवले आणि म्हणाले, "ते नाव खोडू नको. आणि रक्कम नीट लिख, पाच रुपये शे."